लग्नपत्रिकांच्या पाठीवरचे शब्द

सुरुवातीलाच कबूल करतो. ज्या कार्डपद्धतीसाठी नगर जिल्ह्यातल्या शाळांनी मला बोलावून हार घातले, ती पद्धत माझी नव्हती. एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. पण ती माझी आहे हे टिकवण्यासाठी मी एका माणसाला चोर ठरू दिलं, आणि तो चोर नाही हे कळल्यावरही तीन वर्षं गप्प बसलो. या मासिकाच्या संपादकांनी ‘शब्दकोड्यांच्या गमती’ लिहून मागितल्या होत्या. गमती थोड्या आहेत, त्या सांगतो. बाकीचं त्यांना छापायचं नसेल तर हा लेख परत पाठवावा.

मी मूळचा काष्टीचा. इंग्रजी घेऊन बी.ए. झालो आणि नगरच्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून चिकटलो. त्र्याण्णवच्या सुमारास आमच्या मालक-संपादकांना, त्यांना सगळे भाऊ म्हणत, असं वाटलं की आता पोरांना इंग्रजी आलं पाहिजे आणि पेपरचा खपही वाढला पाहिजे. दोन्हींवर एकच औषध म्हणून रविवारच्या पुरवणीत ‘नऊ अक्षरी’ सुरू झालं. इंग्रजीतली नऊ अक्षरं चौकटीत द्यायची, मधलं अक्षर प्रत्येक शब्दात आलंच पाहिजे, आणि पाच किंवा जास्त अक्षरांचे जमतील तेवढे शब्द वाचकांनी करून पाठवायचे. खाली माझं नाव.

ऐकायला हे पोरखेळ वाटतं. कोडं द्यायला पाच मिनिटं लागतात हे खरं. पण उत्तरांची यादी करणं हे काम आहे. वाचक काय पाठवेल याचा नेम नसतो, आणि त्याचा शब्द यादीत नसला तर तो सोमवारी दारात उभा. भिंगारचे एक निवृत्त सुभेदार दर सोमवारी यायचे, टाचा जुळवायचे आणि म्हणायचे, “ऑब्जेक्शन हाय.” शेवगावचे एक निवृत्त मुख्याध्यापक पोस्टकार्डावर लाल शाईत लिहायचे, आणि माझ्या चुकीला मार्कही द्यायचे. राहुरीच्या एका डॉक्टरांनी तर पेशंटला इंजेक्शन देण्याआधी एक शब्द सांगायची सक्ती केली होती म्हणे. ‘एस’ हे अक्षर मी पहिल्या महिन्यातच बंद केलं. ते फुकटचं शेपूट. कुठल्याही नामाला लावलं की शब्द दुप्पट.

पहिले काही आठवडे मी डिक्शनरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवत वाचायचो. त्यात आठवडा जायचा, आणि तरी सुभेदार एखादा शब्द काढून दाखवायचेच.

तेव्हा एका दुपारी प्रुफं वाचत बसलेले साळवेमामा म्हणाले, “सर, तुमी शब्द शब्दासारखा हुडकताय. म्हणून घावत न्हाई.”

बबन साळवे. भिंगारचे. वडील तिथल्या लष्करी छावणीत स्टोअरमध्ये कामाला होते. मामा सातवीनंतर खिळे जुळवायला लागले, म्हणजे शिशाची एकेक अक्षरं उचलून ओळी बनवायच्या, त्या कामाला. छावणीचे इंग्रजी फॉर्म त्यांच्या हातून जायचे, म्हणून इंग्रजी अक्षरांवर त्यांचा हात बसला. आमच्याकडे ऑफसेट आणि कॉम्प्युटर आला तशा खिळ्यांच्या केसेस, ते शंभर खणांचे लाकडी ट्रे, कोपऱ्यात गेले आणि मामांना प्रुफांच्या टेबलावर बसवलं.

“मग कसा हुडकायचा?” मी विचारलं.

“छापून झालं की आमी काय करायचो? ओळ मोडायची. ए ए-च्या खणात, बी बी-च्या खणात. शब्द ऱ्हातच न्हाई, अक्षरंच ऱ्हात्यात. तसा मोडून ठिवायचा.”

त्यांनी करून दाखवलं. आमचा छापखाना लग्नपत्रिकाही छापायचा. बिघडलेल्या पत्रिकांचा ढीग होता, त्यांची पाठ कोरी. मामांनी एक पत्रिका उलटी केली. शब्द घेतला ‘युनायटेड’, म्हणजे एकत्र आलेले. त्याची इंग्रजी अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने ओळीत लावली: डी, ई, आय, एन, टी, यू. ती कार्डाच्या माथ्यावर लिहिली, शब्द खाली लिहिला. मग ‘अनटाइड’ घेतला, म्हणजे गाठ सुटलेले. त्याचीही अक्षरं क्रमाने लावली. माथा तोच. तोही त्याच कार्डावर गेला.

“आता ही कार्डं माथ्याच्या क्रमानं केसमधी लावा. नऊ अक्षरं आली की पयल्या कार्डापास्नं सुरू. ज्या माथ्यावर नको असलेलं अक्षर दिसंल ते उडवा. ऱ्हाईल ती तुमची यादी. डोकं लावायचं न्हाई, नुस्ते डोळे.”

“मामा, यातल्या शब्दांचा अर्थ माहीत आहे का?”

“अर्थ तुमाला म्हाईत. मला खिळे म्हाईत.”

हे बोलून ते हसले होते. मीही हसलो होतो. हे वाक्य मी पुढे सभांमधून ‘आमच्याकडचा एक कामगार’ म्हणून सांगायचो, टाळ्या यायच्या.

आम्ही वर्षभर कार्डं केली. डिक्शनरी वाटून घेतली होती: ए ते एम मामांकडे, एन ते झेड माझ्याकडे. मामांनी आपला अर्धा भाग एकही शब्द न गाळता केला, कारण कोणता शब्द महत्त्वाचा हे त्यांना ठरवताच येत नव्हतं. मला येत होतं. म्हणून मी पक्षी, किडे, रसायनं, जुनी नाणी असलं काही दिसलं की पान उलटायचो. कोण पाठवणार आहे हे, असं मनात म्हणायचो.

पद्धतीची कीर्ती झाली; कार्डं कोणत्या क्रमाने लावायची हे तेवढं मी कुणाला सांगत नसे. मी पुरवणीत लेख लिहिला, ‘मला सुचलेली युक्ती’. मामांनीच त्याचं प्रुफ वाचलं. वाचून एक काना दुरुस्त केला आणि पान परत दिलं. मी मनात म्हटलं, मामांना कुठे नाव हवंय. माणसाला काय नको आहे हे आपण किती पटकन ठरवून टाकतो.

शहाण्णवच्या दिवाळीला भाऊंनी वार्षिक महास्पर्धा जाहीर केली. बक्षीस सायकल. मी नऊ अक्षरं निवडली ‘एज्युकेशन’ची, मध्ये ‘टी’. या नऊ अक्षरांतून तीन पूर्ण शब्द होतात: एज्युकेशन, कॉशन्ड आणि ऑक्शन्ड. शिक्षण, ताकीद दिलेला आणि लिलाव झालेला. त्याच पोटातून ‘डकॉइट’ही निघतो, म्हणजे दरोडेखोर. भाऊंना हे इतकं आवडलं की कार्यालयात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत. त्याच भरात मी पहिल्या पानावर चौकट टाकली: आमची यादी परिपूर्ण आहे, यादीबाहेरचा एक तरी अचूक शब्द कुणी दाखवावा.

कार्डं निघाली त्याच क्रमाने उतरवलेली यादी एकोणसाठ शब्दांची झाली. एक प्रत पाकिटात सील करून भाऊंच्या कपाटात. ती पाहिलेली माणसं दोनच, मी आणि प्रुफ वाचणारे मामा.

प्रवेशिका आल्या. बहुतेकांची मजल तीस-पस्तीसपर्यंत. शेवगावच्या मुख्याध्यापकांचे त्रेचाळीस. आणि मग पुणतांब्याहून फूलस्केप कागद आला: सुनंदा गायकवाड, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात. शब्द एकसष्ट.

माझे एकोणसाठच्या एकोणसाठ त्यात होते. पण मला खटकला तो आकडा नाही, क्रम. कुणीही माणूस शब्द पाठवतो तो सुचेल तसा किंवा डिक्शनरीच्या क्रमाने. हिचे शब्द ओळीने माझ्या सीलबंद यादीच्या क्रमात होते. ओळीला ओळ. फक्त दोन ठिकाणी मध्ये एकेक शब्द जास्त: ‘डकॉइट’च्या खालच्या बाजूला ‘ऑक्टॅड’ आणि ‘कँटो’च्या लगेच खाली ‘टूकन’. मी हे दोन शब्द याआधी पाहिले नव्हते. लाल पेनने खोडले. डिक्शनरी हाताशी होती. उघडली नाही.

मी मामांच्या टेबलापाशी गेलो. “पुणतांब्याची सुनंदा गायकवाड कोण आहे, माहीत आहे का?”

त्यांचा चेहरा उजळला. “भाची हाय माझी! थोरल्या बहिनीची. का? लागला का नंबर?”

लपवायचं असतं तर माणूस असा उजळतो का? हे मला आज कळतं. त्या वेळी मला फक्त ‘भाची’ ऐकू आलं.

“तिला यादी दाखवलीत?”

मामा उभे राहिले. “यादी न्हाई. पद्धत दावली. दोन वर्षं झाली, पत्रिकांची कार्डं बी न्हेऊन दिली रद्दीतली. तिनं एकटीनं सगळी डिक्शनरी उतारली, सर. कालेजातनं आणून. एकटीनं.”

इथे मी थांबलो असतो तर सगळं थांबलं असतं. मी कागद घेऊन भाऊंकडे गेलो.

भाऊंनी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. “ही तर सरळ कॉपी आहे.” मामांना बोलावलं. दारात मशीनवरची दोन माणसं आणि हिशेबनीस उभे होते. भाऊ म्हणाले, “साळवे, पेपरची अब्रू भाचीला आंदण दिलीत का?”

“भाऊ, पुणतांब्याला चला. तिची कार्डं दावतो. चपलांच्या खोक्यात भरून ठिवलीत. क्रम कार्डाचाच येनार, दुसरा कसा येईल?”

“आणि शेतावर मजुरी करणाऱ्या घरातली पोरगी आपल्या या सरांच्या तोडीची यादी करते, असं आम्ही मानायचं?”

“सरांच्या तोडीची न्हाई,” मामा म्हणाले, “सरांच्यापेक्षा दोन जास्त हायेत.”

कुणीतरी दारात हसलं. मग मामा माझ्याकडे वळले. आवाज अगदी साधा. “सर, तुमीच सांगा की भाऊंना. पद्धत कुणाची? मी भाचीला माझी पद्धत दावली का तुमची यादी?”

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. दारातल्या तिघांनी पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललो असतो तर ‘मला सुचलेली युक्ती’ खोटी, शाळांमधले हार खोटे, पुरवणीवरचं नाव खोटं.

मी म्हणालो, “पद्धत माझी आहे. यादीच फुटली असणार.”

मामांनी चष्मा काढला, खिशात ठेवला. टेबलावरची अर्धी वाचलेली प्रुफं नीट रचून वर पेपरवेट ठेवला आणि गेले. एक तारखेपासून येऊ नका हे भाऊंनी सांगायची गरजही पडली नाही.

निकालाच्या पानावर आम्ही छापलं: ‘पुणतांबा येथील एका स्पर्धकाची प्रवेशिका गैरप्रकारामुळे बाद.’ नाव नाही घातलं, हे मी त्या वेळी स्वतःचं मोठेपण समजलो. पुणतांब्यातून स्पर्धेत उतरलेली ती एकटीच होती आणि तिने ते गावभर आनंदाने सांगितलेलं होतं. सायकल शेवगावच्या मुख्याध्यापकांना मिळाली. फोटोत त्यांचा हात हँडलवर आणि माझा सीटवर.

आठवड्याने सुभेदार आले. टाचा जुळवल्या. या वेळी ऑब्जेक्शन महास्पर्धेच्या छापलेल्या यादीवर होतं. “सर, टूकन राहिला तुमचा. मोठ्या चोचीचा पक्षी. आमच्या पलटणीच्या सीओसाहेबांच्या घरी कॅलेंडरवर हुता, म्हणून ठाऊक. मला बी उशिरा सुचला, न्हाईतर पाठवला असता.”

ते गेल्यावर मी डिक्शनरी उघडली. टूकन होता, चित्रासकट. मग ‘ओ’वर गेलो. ऑक्टॅड होता, आठांचा गट. दोन्ही माझ्या वाट्याच्या अर्ध्या भागातले. मी पानं उलटली होती तिथले.

माझ्याच यादीवरून कुणी नक्कल केली असती, तर माझ्या यादीत नसलेले दोन बरोबर शब्द, अगदी आपापल्या जागी, कुठून आले असते? एवढा साधा प्रश्न. तिने खरोखरच सगळी डिक्शनरी उतरवली होती. मामा खरं बोलत होते. मला त्या दुपारी, त्या खुर्चीवर, संपूर्ण कळलं होतं. भाऊ शेजारच्या खोलीत होते. मी डिक्शनरी मिटली आणि चहा मागवला.

पुढची तीन वर्षं मी ‘नऊ अक्षरी’ चालवलं. त्या दोन शब्दांची कार्डं मी केली नाहीत. कोडं निवडताना टूकन होईल अशी अक्षरं टाळायचो. ‘आमची यादी परिपूर्ण’ हे वाक्य मात्र पुन्हा छापलं नाही, जणू तेवढ्याने फिटलं. मामा भिंगारच्या बाजारात एका लहानशा छापखान्यात लागल्याचं कळलं. मी त्या रस्त्याने जाणं सोडलं. नगरपासून भिंगार किती लांब? सायकलवर पंधरा मिनिटं.

नव्व्याण्णवमध्ये भाऊंचा पुतण्या पुण्याहून सुट्टीत आला. त्याने कॉम्प्युटरवर काहीतरी लिहिलं, नऊ अक्षरं टाकली, आणि चहा थंड व्हायच्या आत पडद्यावर यादी आली. भाऊ म्हणाले, “आता ती कार्डं रद्दीत काढा, जागा अडते.” मी केसेस रिकाम्या करायला बसलो. एका बाजूला चि. सौ. कां.ची नावं, शुभमुहूर्त, दुसऱ्या बाजूला मामांचं छापल्यासारखं अक्षर. ए ते एम. एकही शब्द न गाळलेला. मधूनमधून माझी कार्डं, घाईची, तिरकी.

त्या दिवशी मी दोन कोरी कार्डं घेतली आणि ऑक्टॅड आणि टूकन लिहिले. दुसऱ्या दिवशी पुणतांब्याला गेलो.

सुनंदा तेव्हा गावातल्याच एका शाळेत तात्पुरती शिक्षिका होती. मी नाव सांगितलं. तिने बसा म्हटलं नाही. मी बोलायला सुरुवात केली तशी ती आत गेली आणि चपलेचा एक खोका आणून माझ्यासमोर पायरीवर ठेवला. लग्नपत्रिकांच्या पाठी. माथ्यावर अक्षरं क्रमाने. मी शोधलं नाही, तिनेच टूकनचं कार्ड काढून वर ठेवलं.

“हे बघायला तीन वर्षं लागली तुम्हाला?”

“मी चुकलो,” मी म्हणालो.

“तेव्हा मी कोपरगावला कॉलेजला जायचे. रेल्वेत पोरं म्हणायची, सायकल कुठंय कॉपीवाली? स्टेशनला रोज वस्तीवरून चालत जायचे मी. सायकल मिळाली तर काय काय करणार, ते सगळ्यांना सांगून बसले होते.” तिने खोका बंद केला. “मी तुम्हाला ओळखत नव्हते, सर. तुम्ही चुकलात तर चुकलात. पण मामा रोज तुमच्या शेजारी बसत होता. घरी आला की तुमचं कौतुक. ‘आमचे सर बी.ए. हायेत, तरी मला म्हणतात, शिकवा,’ असं म्हणायचा. मला माफी नको. मामाला सांगा. त्याने काही मागितलं तर ते करा.”

मी भिंगारला गेलो. छापखाना म्हणजे एक खोली. पायाने चालवायचं जुनं ट्रेडल मशीन खडखडत होतं. ते चालवणारा शब्बीर, मालक, कागद कापणारा एक माणूस आणि पत्रिका घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक, नवरीचा बाप. मामा खिडकीजवळ खिळे जुळवत होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं दिसत होतं. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला, का त्यांनी तेवढा वेळ घेतला, सांगता येत नाही.

“या सर. पत्रिका छापायची का?”

“मामा, बाहेर येता का जरा? बोलायचं होतं.”

“हितंच बोला.”

मी जवळ वाकलो आणि हळू आवाजात म्हणालो की त्या दिवशी माझ्याकडून चूक झाली, मला ते नंतर कळलं होतं, मला वाईट वाटतं. मशीनच्या आवाजात माझं मलाच नीट ऐकू येत नव्हतं.

मामांनी हातातला खिळा खणात टाकला. “कानात सांगून काय उपेग? तवा कानात बोल्ला व्हता का? चौघं ऐकत हुते.”

मी सरळ उभा राहिलो.

“पेपरात लिवताल का?”

“भाऊंना विचारलं मी. ते म्हणाले, जुन्या गोष्टी उकरायच्या नाहीत.” हे खरं होतं. मी एकदाच विचारलं होतं, हेही खरं होतं.

“मंग ऱ्हाऊ द्या पेपर.” मामांनी मान वळवली आणि मोठ्याने म्हणाले, “शब्बीर, मशीन बंद कर.”

“आत्ता? पन्नासच राहिल्यात, मामा.”

“बंद कर म्हंतो ना.”

शब्बीरने पाय काढला. चाक दोन फेरे घेऊन थांबलं. खोली एकदम शांत झाली. मालकाने मान वर केली, कापणाऱ्याने सुरी खाली ठेवली, नवरीचा बाप पत्रिका हातात धरून आमच्याकडे बघू लागला. मामांनी चष्मा खिशातून काढून घातला. ते उभे राहिले नाहीत. मीच उभा होतो.

“आता बोला,” ते म्हणाले.

मी म्हणालो, “मी पेपरात काम करतो; तिथे शब्द शोधायची एक पद्धत माझ्या नावावर छापली. ती माझी नव्हती. ती बबन साळवे यांची होती. यांनी यादी फोडली नव्हती. यांच्या भाचीने नक्कल केली नव्हती. तिची यादी माझ्यापेक्षा चांगली होती. हे मला आठवड्यात कळलं होतं आणि मी तीन वर्षं बोललो नाही. माझ्या खोटं बोलण्यामुळे यांची नोकरी गेली आणि तिची बदनामी झाली. साळवेमामा, मी तुमची माफी मागतो.”